जमेची बाजू

'मी कंपनीत फायनान्स बघतो' असं एखाद्यानं सांगितलं, की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी आदर येतो आणि पाठोपाठ आशा. आदर अशासाठी की हा माणूस पैशात वावरतो, आणि आशा अशासाठी की याच्याकडून आपला इन्कमटॅक्स फुकटात भरून घेता येईल. रिटर्न भरायची तारीख जवळ आली, की आमच्या सोसायटीतले तीन पेन्शनर माझ्या तब्येतीची जी चौकशी करतात, तशी माझ्या सख्ख्या भावानंही कधी केलेली नाही. माझं लग्न ठरत होतं तेव्हा बायकोच्या एका मामांनी 'फायनान्स म्हणजे ते सिनेमाला पैसे पुरवतात ते का?' असं विचारून मंडपात बरीच खळबळ उडवून दिली होती.

खरं सांगायचं, तर कंपनीच्या फायनान्समधल्या माणसानं पैसा फारसा पाहिलेलाच नसतो. पैसा पाहतो तो कॅशियर. आम्ही पाहतो ते आकडे. आणि इंग्रजी पुस्तकं बाजूला ठेवली, तर या धंद्यात प्रश्न अवघे तीन: पैसा घालायचा कुठं, तो आणायचा कुठून, आणि तो येईपर्यंत दिवस काढायचे कसे. हेच तीन प्रश्न माझी आई दर महिन्याच्या वीस तारखेनंतर सोडवत असे. वाण्याकडचं उधारीचं खातं हे तिचं ट्रेड क्रेडिट. तूरडाळीच्या डब्यात तळाशी घडी करून ठेवलेली वीसची नोट हा तिचा रिझर्व्ह. आणि त्या नोटेचा वडिलांना पत्ता नसणं, याला आम्ही पुढे इंटर्नल कंट्रोल म्हणायला शिकलो.

या धंद्याची एक गोम मात्र बाहेरच्यांना ठाऊक नसते. इथं काम बरोबर झालं, की त्याचा आवाज होत नाही. गवयाची तान जमली की टाळ्या पडतात, डॉक्टरचा रोगी उठून बसला की पेढे येतात. ट्रायल बॅलन्स जुळला, तर कुणी पेढे आणल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. तो न जुळला, तर मात्र मॅनेजरपासून शिपायापर्यंत सगळ्यांना कळतं. नावे आणि जमा अशा दोन बाजूंचं हे शास्त्र लुका पाचोली नावाच्या एका फ्रान्सिस्कन साधूनं १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात मांडलं. ज्यानं संसार सोडला होता, त्यानं साऱ्या जगाला हिशेब शिकवावा ही गंमतच. पण तो साधू होता. त्याला प्रमोशनची काळजी नव्हती. ती आपल्याला असते.

मी १९७४ साली बी.कॉम.चं सर्टिफिकेट घेऊन फोर्टमधल्या एका कंपनीच्या अकौंट्स खात्यात चिकटलो. त्या सुमाराला देशातला इन्कमटॅक्सचा सर्वांत वरचा दर सरचार्ज धरून ९७.७५ टक्क्यांपर्यंत गेलेला होता. 'म्हणून पगारवाढ मागण्यात अर्थच नाही,' असं आमचे हेडक्लार्क नाना सांगत. आमचा पगार त्या दरापासून इतका लांब होता, की मधल्या अंतरात दोन-तीन पंचवार्षिक योजना सहज मावल्या असत्या. पण नानांचा मुद्दा वेगळाच होता. त्यांना मागणं हा प्रकारच पसंत नव्हता.

नानांसारखा खतावणीचा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. चाळीस ओळींच्या आकड्यांवरून ते वरून खाली एकदा नजर फिरवत आणि तळाशी बेरीज लिहून मोकळे होत. आम्ही फॅसिटच्या यंत्राचा दांडा खडखड फिरवून ती तपासत असू, आणि यंत्र दर वेळी नानांशी सहमत होई. कुठली नोंद कुठल्या साली कशासाठी झाली, हे त्यांना तोंडपाठ. पण साहेबांच्या केबिनमध्ये चर्चा चाले तेव्हा नाना बाहेर. आत लागणारा प्रत्येक आकडा शिपाई त्यांच्याकडून चिठ्ठीवर घेऊन जाई. चिठ्ठीवर नाव अर्थातच नसे.

'नाना, तुम्ही स्वतः जाऊन सांगत का नाही?' असं मी एकदा विचारलं.

'अरे, साहेबांना दिसतंय सगळं,' नाना म्हणाले. 'आपण आपलं काम करावं. काम बोलतं.'

हे वाक्य आपल्या मध्यमवर्गात घरोघरी मुंजीतल्या गायत्री मंत्राबरोबर कानात सांगतात की काय, कोण जाणे. वास्तविक बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, असं आपलीच म्हण सांगते. पण म्हणी आपण शाळेत वाक्यात उपयोग करण्यापुरत्याच शिकतो.

मी आय.सी.डब्ल्यू.ए.ला बसायचं ठरवलं ते मात्र नानांच्याच आग्रहावरून. स्वतःसाठी शब्द न टाकणारा हा माणूस माझ्या फॉर्मची तारीख चुकू नये म्हणून रोज आठवण करी. कॉस्ट अकौंटंटांची ही संस्था १९४४ साली निघाली, १९५९ साली तिचा कायदा झाला, आणि २०१२ साली तिच्या नावातलं 'वर्क्स' गळालं. नावातून वर्क्स गेलं तरी वर्क काही कमी झालं नाही, असं नवीन पोरं सांगतात. माझा अभ्यास झाला तो डोंबिवली ते व्ही.टी. या लोकलमध्ये, उभ्यानं. एका हातात वरची कडी, दुसऱ्या हातात प्रोसेस कॉस्टिंग. समोर बसलेले गृहस्थ ठाण्याला उठणार असतील, तर त्यांच्या गुडघ्यावर वही टेकायला देत. कळव्याच्या एका अनोळखी माणसाला माझ्यामुळे 'अबनॉर्मल लॉस' पाठ झाला होता. परीक्षेला बसला असता तर तो माझ्या आधी पास झाला असता.

पास झाल्यावर मी एक गोष्ट केली. कुणी सांगितलं नव्हतं, जागाही रिकामी नव्हती. साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि म्हटलं, 'मला अंबरनाथच्या कारखान्यात कॉस्टिंगला पाठवा.' साहेब चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. फोर्टमधली पंख्याखालची खुर्ची सोडून फौंड्रीतल्या काळ्या वाळूत जायला मागणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. 'घरी काही अडचण?' त्यांनी हळूच विचारलं. ऑफिसात बातमी पसरली, की याला डोंबिवलीहून उलट्या दिशेच्या गाडीत खिडकी मिळते म्हणून हा चालला. खिडकी मिळत होती, हे खरं आहे. डोंबिवलीकराला सकाळी आठ वाजता खिडकी मिळणं ही स्वतंत्रच बढती होती, आणि ती मला पगारवाढीच्या आधी मिळाली.

कारखान्यात मला भेटले फोरमन. शाळा सातवीपर्यंत, पण लोखंडाचा रंग बघून ते तापलंय की नाही सांगणारे. आमच्या फोर्टच्या कागदांवर ओतकामाचा हिशेब किलोवर होता. जड कास्टिंगला जास्त खर्च, हलक्याला कमी. दिसायला अगदी न्याय्य. फोरमननी मला हाताला धरून भट्टीपाशी नेलं आणि दोन कास्टिंगं समोर ठेवली. एक मोठं, साधं, पायऱ्या-पायऱ्यांचं. दुसरं छोटं, पंपाचं, आत चार कोनाडे असलेलं.

'अकौंटंटसाहेब, यातलं स्वस्त कुठलं?'

'कागदावर हे छोटं,' मी म्हटलं.

'कागदावर भट्टी पेटवत नाहीत,' असं म्हणून त्यांनी साच्यातून निघालेला अख्खा गड्डा दाखवला. लोखंड साच्यात जाताना जिथून वाहतं ते रनर, आणि ते थंड होऊन आटताना भर घालायला ठेवलेले रायझर, हे सगळं नंतर तोडून काढतात आणि पुन्हा भट्टीत टाकतात. साध्या कास्टिंगला ही तोडणावळ थोडी. छोट्या, नखरेल कास्टिंगला मालापेक्षा तीच जास्त. लोखंड फुकट जात नाही, ते परत येतं, म्हणून कागद समाधानी. पण ते दुसऱ्यांदा वितळवायला लागणारा कोक आणि भट्टीचा वेळ काही परत येत नाही. म्हणजे पंपाचं ते गोजिरवाणं कास्टिंग किलोच्या भावानं विकून आम्ही प्रत्येक नगाबरोबर गिऱ्हाइकाला थोडा कोक भेट देत होतो.

मी याच्यावर एका पानाचं टिपण लिहिलं. आकडे मोजके, आणि सेल्स मॅनेजरला कळेल अशा भाषेत. हे दुसरं कलम महत्त्वाचं. आमच्या धंद्यातले विद्वान 'अंडर-ॲब्सॉर्प्शन ऑफ ओव्हरहेड्स' असं काहीतरी लिहून फाइल पुढे सरकवतात, आणि समोरचा माणूस सही करून ती परत सरकवतो. मी लिहिलं: 'हा माल आपण जितका जास्त विकू, तितका तोटा जास्त.' त्या पानावर, फोरमनच्या नावासकट, मी माझं नाव लिहिलं. आठवड्यानं फोर्टातून फोन आला, 'हे कुणी लिहिलंय?' नोकरीत लागल्यापासून पाच वर्षांत हा प्रश्न कुणी पहिल्यांदाच विचारला होता.

पुढे मला मुख्य ऑफिसात बोलावून घेतलं, आणि माझी गाठ बँकेशी पडली. बँकेकडून खेळतं भांडवल घ्यायचं म्हणजे तेव्हा दोन समित्यांचं गोत्र माहीत असावं लागे. १९७५ साली टंडन समितीचा अहवाल आला, आणि १९८० साली चोरे समितीचा. टंडन समितीचं गणित सोपं होतं: कच्चा माल, पक्का माल आणि येणी मिळून शंभर रुपये गुंतले असतील, तर दुसऱ्या पद्धतीप्रमाणे पंचवीस रुपये तुमचे स्वतःचे दाखवा. वीस रुपयांचा माल पुरवठादारांनी उधार दिला असेल, तर उरलेले पंचावन्न बँकेकडे मागा. चोरे समितीनं सांगितलं, की हीच पद्धत लावा आणि दर तिमाहीला माहिती घ्या. आमचा शिपाई मात्र बरेच दिवस हळहळत होता. कंपनीत चोऱ्या इतक्या वाढल्या, की सरकारला समिती नेमावी लागली, असं त्याला वाटे. रिझर्व्ह बँकेनं ही सक्ती १९९७ साली उठवली. तोवर ते तक्ते भरता भरता माझ्या डोक्यावरचे केस बँकेकडे तारण पडल्यासारखे निघून गेले होते. पण त्या तक्त्यांनी मला कंपनीच्या सगळ्या खात्यांत हिंडवलं. स्टोअर्समध्ये माल किती दिवस पडतो, सेल्सवाले वसुलीला का टाळतात, हे विचारत फिरल्याशिवाय तक्ता पुरा होत नसे. फायनान्सवाल्यानं खुर्चीतून उठावं, यासाठी रिझर्व्ह बँकेनं केलेला हा एकमेव उपाय असावा.

आणि मग एक दिवस तो फॉर्म आला. परदेशात शिकून आलेले एक नवे मॅनेजर लागले होते. त्यांनी छापून घेतलेला फॉर्म, 'सेल्फ ॲप्रेझल'. तोपर्यंत आमचे गोपनीय अहवाल साहेब लिहीत आणि ते इतके गोपनीय असत, की आमचं काय चुकतं ते आमच्याशिवाय सगळ्यांना ठाऊक असे. आता आपलं आपणच लिहायचं. पहिलाच प्रश्न: तुमची जमेची बाजू कोणती?

खात्यात शोककळा पसरली. जन्मभर दुसऱ्याच्या जमेची बाजू लिहिणारी आम्ही माणसं. स्वतःच्या जमेला काय आहे, हे कुणी विचारलंच नव्हतं. शिवाय आपल्यात स्वतःची स्तुती करणं म्हणजे जेवणाच्या पंगतीत स्वतःच्या पानात लाडू वाढून घेण्याइतकं वाईट. एकानं 'देवाच्या कृपेनं ठीक' असं लिहिलं. मी घरी येऊन बायकोला विचारलं. तिनं गवार निवडता निवडता बराच विचार केला आणि म्हणाली, 'तुम्ही घोरत नाही.' हे फॉर्मात लिहिण्याजोगं नव्हतं.

शेवटी मी विशेषणं सोडली आणि आकडे धरले. त्या वर्षी एका मोठ्या गिऱ्हाइकाकडची वसुली चौदा दिवस आधी यायला लागली होती. वर्षाला एक कोटीची विक्री असली, तर चौदा दिवस म्हणजे सुमारे तीन लाख चौऱ्याऐंशी हजार रुपये मोकळे. त्यावर अठरा टक्क्यांनी वर्षाचं व्याज वाचलं, सुमारे एकोणसत्तर हजार. माझ्या वर्षाच्या पगारापेक्षा ही रक्कम बरीच मोठी होती, हे मी लिहिलं नाही. फक्त दोन्ही आकडे एकाखाली एक पडतील, अशी काळजी घेतली. स्तुतीत विनय लागतो. वजाबाकीत लागत नाही.

नानांचा फॉर्म माझ्याच टेबलावरून पुढे गेला. 'जमेची बाजू' या रकान्यात त्यांनी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, 'नॉट ॲप्लिकेबल'.

मी फॉर्म परत नेऊन दिला. म्हटलं, 'नाना, गेली दोन ऑडिटं एकही हरकत न निघता पार पडली, एवढं तरी लिहा.' ते हसले. 'ते साहेबांना माहीत नाही का?' साहेब नवे होते. त्यांना नानांचं आडनावही नीट माहीत नव्हतं.

त्याच सुमाराला आमच्याकडे काँप्युटर आला. अमेरिकेत लोटस १-२-३ निघालं ते १९८३ साली. आमच्या खात्यात त्याचं दर्शन व्हायला ते दशक संपत आलं. काचेच्या खोलीत, एअरकंडिशनमध्ये, चपला बाहेर काढून. देवघराला लावत नसू इतके नियम. शिकायला कोण येतंय, असं विचारलं तेव्हा तीन हात वर झाले. नानांचा हात पेन धरून खतावणीवर होता. 'मला बेरीज येते,' ते म्हणाले. ते खरंच होतं. फक्त आता बेरीज कुणालाही येणार होती. त्या बेरजेमागची हकीकत मात्र एकट्या नानांनाच येत होती आणि ती काँप्युटरमध्ये कशी घालायची, हे त्यांना कुणी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

घसारा हा शब्द आम्ही यंत्रांना लावतो. तो ज्ञानालाही लागतो, आणि तोही सरळ रेषेत नाही. पूर्वी शेअर काढायचे, तर किंमतही सरकारी कंट्रोलर ठरवी. त्या खात्याची रीतभात तोंडपाठ असलेली माणसं दिल्लीला विमानानं जात. १९९२ साली तो कायदाच रद्द झाला आणि त्या माणसांना लोकल परवडेनाशी झाली. २०१७ च्या १ जुलैला जीएसटी आला. त्या रात्री एक्साइजचे कितीतरी पंडित झोपले आणि सकाळी विद्यार्थी होऊन उठले. म्हणून मी एक सवय लावून घेतली. दर ३१ मार्चला, कंपनीचा ताळेबंद सुरू करण्याआधी, एका कागदावर माझा स्वतःचा करायचो. यंदा नवीन काय शिकलो, काय जुनं झालं, कुणाकडून काय शिकायचं राहिलं, आणि कुणाला काय मागायचं आहे. काही वर्षी पहिल्या रकान्यात एकच ओळ असे. पण ती कोरी नाही, एवढं बघायचो.

१९९३ साली स्वेच्छानिवृत्तीची योजना निघाली आणि नानांनी ती घेतली. 'स्वेच्छा' कुणाची, हे कुणी विचारलं नाही. निरोपाच्या समारंभात साहेबांनी भाषण केलं. नाना एकतीस वर्षांत कधी उशिरा आले नाहीत, एवढंच त्यांना सांगता आलं. मग कधीही उशिरा न आलेल्या त्या माणसाला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं.

घड्याळाचं खोकं धरून मी नानांना व्ही.टी.पर्यंत पोचवायला गेलो. गाडी लागायची होती. नाना म्हणाले, 'कंपनीचा एक पैसा इकडचा तिकडे होऊ दिला नाही बघ मी. माझं तेवढं येणं मागायचं राहिलं.' पुढं काही बोलले नाहीत. गाडी आली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं ते बरोबर दाराच्या जागी उभे होते.

नुसतं मागून सगळं मिळतं, असं मी म्हणणार नाही. गव्हाचा दाणाही जवळ नसताना माती विकून माझ्या डोक्यावर जाऊन बसलेले मी पाहिलेत. चांगल्या साहेबाशी गाठ पडणं हा नशिबाचा भाग, आणि ती नोंद आपल्या वहीत आपण करत नाही. पण खुर्चीतून उठणं, भट्टीपाशी जाऊन विचारणं, जे समजलं ते दुसऱ्याला समजेल असं लिहिणं आणि खाली आपलं नाव घालणं, एवढं आपल्या हातात असतं. ते केबिनमधल्या साहेबाच्या हवाली करू नये.

माझ्या पुतण्याची मुलगी हल्ली अशाच एका कंपनीत फायनान्समध्ये आहे. तिच्या डिग्र्या माझ्यापेक्षा जास्त, आणि काँप्युटर चपला काढल्याशिवाय वापरते. मागच्या महिन्यात आली ती हिरमुसून. सगळं डिपार्टमेंट तिच्या एक्सेलच्या तक्त्यावर चालतं, मीटिंगमध्ये मात्र तो दुसराच कुणी दाखवतो. तिला नव्या कारखान्याच्या प्रकल्पावर काम करायचंय, पण तिला कुणी बोलावलेलं नाही.

'सांगितलंस का साहेबांना?' मी विचारलं.

'आजोबा, त्यांना दिसतंय ना.'

मी तिला तिथंच बसवलं आणि पत्र लिहायला लावलं. माझा मसुदा 'सविनय निवेदन करण्यात येते की' असा सुरू झाला, तो तिनं पहिल्याच ओळीत खोडला. तिचा चार ओळींचा झाला: तक्ता मी केला, त्यानं अमुक इतके दिवस वाचले, प्रकल्पाचं काम मला हवं आहे, कधी भेटू? पाठवायचं बटण दाबताना तिचा हात थोडा थरथरला. मी चहा टाकायला आत गेलो, म्हणजे तिला तो थरथरू देता यावा.

उत्तर अजून आलेलं नाही. येईल किंवा नाही येणार. पण येणं एकदा वहीत लिहिलं, की आज ना उद्या वसुलीला जाता येतं. आणि अगदी नाहीच मिळालं, तर निदान बुडीत म्हणून दाखवता येतं. जे लिहिलंच नाही, त्याला बुडीतसुद्धा म्हणता येत नाही.